मशीनची नाडी

ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी उद्यमबागेत कामाला आहे अशी कुटुंबं आपल्या बेळगावात गल्लोगल्ली सापडतात. फौंड्री, पंप, हायड्रॉलिक्सचे व्हॉल्व्ह, गाड्यांचे सुटे भाग हे शब्द जेवताना घरात येतातच. तरीही शेडमधलं सीएनसी मशीन आत नेमकं काय करत असतं, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. मी तर मराठी शिकवणारी बाई. माझा आणि यंत्रांचा संबंध स्वयंपाकघरातल्या मिक्सरपुरता. पण गेल्या पावसाळ्यात एका आकड्यावरून माझ्या माहेरी बरंच काही पणाला लागलं आणि मला तो आकडा समजून घ्यावा लागला. सेकंदाला एक हजार, हा तो आकडा.

आधी तो कशाचा ते सांगते. सीएनसी मशीनचं टेबल पुढेमागे सरकवणाऱ्या मोटरला सर्व्हो मोटर म्हणतात. साधी मोटर बटण दाबलं की फिरते, तिला आपण कुठे पोचलो याची शुद्ध नसते. सर्व्हो मोटरच्या मागे एन्कोडर नावाची एक चकती असते. मोटर किती फिरली ते ती मोजत राहते. कंट्रोलर म्हणजे मशीनचा मेंदू ठरावीक वेळाने तिला विचारतो, कुठे आहेस? असायला कुठे हवं होतं ते त्याला माहीत असतं. दोन्हीत फरक असला की तो मोटरला तेवढा जोर कमीजास्त करायला सांगतो. मग पुन्हा विचारतो. हे विचारणं आणि सांगणं एका सेकंदात जितक्या वेळा होतं, तो कंट्रोलरचा अपडेट रेट. आमच्या मशीनचा तो हजार होता, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक फेरी.

सर्व्हो हा शब्द मला आवडला म्हणून त्याचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये सर्व्हस म्हणजे गुलाम. झोसेफ फार्को या फ्रेंच इंजिनियरने १८७३ साली जहाजाचं सुकाणू वाफेच्या जोरावर वळवण्याबद्दल पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच हा शब्द होता. सुकाणूवाल्याने हलक्या हाताने चाक फिरवायचं आणि वाफेच्या इंजिनाने मुकाट्याने त्याच्यामागून जड सुकाणू वळवायचं, अशी ती योजना. पुढे १९२२ साली निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाज आपोआप चालवण्यावर निबंध लिहिला. कसलेला सुकाणूवाला जहाज या क्षणी किती अंश चुकलंय एवढंच पाहत नाही. ते कधीपासून चुकत आलंय आणि किती वेगाने वळतंय, हेही तो मनात धरतो. आज कंट्रोलरमध्ये पी, आय, डी अशी जी तीन अक्षरं दिसतात, ती याच तीन गोष्टींची. आकड्यांवर चालणाऱ्या मशीनची गोष्ट त्यानंतर तीस वर्षांनंतरची. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने १९५२ साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. तेव्हा त्याला कागदी पट्टीवर भोकं पाडून हुकूम द्यायचे.

आता माहेरची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाची उद्यमबागेत छोटी शेड. दादा गेला, तेव्हापासून भाचा ती चालवतो. शेडमध्ये एक जुनं मिलिंग मशीन आहे. त्याचा मूळ कंट्रोलर बंद पडला तेव्हा भाच्याने संगणक जोडून त्यावर लिनक्ससीएनसी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामातून हे सॉफ्टवेअर पुढे आलं. जगभर असंख्य छोट्या वर्कशॉपांनी त्यावर जुनी मशीनं जिवंत ठेवली आहेत. पोराने हे सगळं स्वतः वाचून, वायरी ओढून केलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पंपाच्या पन्नास कास्टिंगमध्ये साठ मिलिमीटर व्यासाचा गोल खण कोरायचं काम आलं होतं. गोलाईत तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालणार नव्हता. पन्नासातले अकरा जॉब परत आले. गोलाच्या चार टोकांना, घड्याळात बारा, तीन, सहा आणि नऊ वाजतात त्या जागी, बोटाला लागेल अशी बारीक पायरी. गिऱ्हाईकाने सांगितलं, पुढचा लॉट असाच आला तर काम दुसरीकडे जाईल. भाचा मशीनवरच्या मामांवर खेकसला. हे मामा अनगोळचे, दादाच्या वेळेपासूनचे टर्नर. सगळी शेड त्यांना मामाच म्हणते. त्यांना आता दिसत नाही, टूल नीट बसवत नाहीत, दिवाळीनंतर घरी बसवावं, इथपर्यंत गोष्ट गेली. त्यातच एक विक्रेता येऊन गेला. तुमचा कंट्रोलर सेकंदाला हजारच वेळा बघतो, आमचा चार हजार वेळा बघतो, फिनिश कुठून येणार, असं म्हणून साडेपाच लाखांचं कोटेशन टेबलावर ठेवून गेला. एवढे पैसे उभे करायचे तर वहिनींची मुदत ठेव मोडायची. वहिनींनी मला फोन केला तो ह्यासाठी.

मी गेले तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, हजार लई कमी पडायलेत. चार हजार केलं की येतंय बघ फिनिश." ऐकायला ते अगदी बरोबर वाटतं. जो जास्त वेळा बघतो तो जास्त चांगलं सांभाळतो, असं कुणालाही वाटेल.

मला त्यावर चोर्ला घाट आठवला. जुलैच्या धो धो पावसात घाट उतरताना काचेवरचा वायपर फिरतो, तेवढ्यापुरता रस्ता दिसतो. वायपर अगदी सावकाश असेल तर वळण कळेपर्यंत गाडी कठड्याशी. त्याचा वेग वाढवला की बरं वाटतं. पण एका हद्दीनंतर वायपर कितीही जोरात फिरवा, गाडीचं स्टीअरिंग आणि टायर वळायला लागायचा तेवढा वेळ लागणारच. मशीनचंही तसंच आहे. कास्टिंग आणि व्हाईस धरून दोन-तीनशे किलोचं ते टेबल सेकंदाला वीसेक वेळांपेक्षा जास्त जलद मागेपुढे वळूच शकत नाही. असं टेबल सांभाळायला त्याच्या दहा ते वीस पट वेळा बघावं, असा नियंत्रणशास्त्राचा ढोबळ नियम. आमचा हजाराचा आकडा म्हणजे पन्नास पट. मोटरमधला करंट सांभाळण्याचं खरोखर घाईचं काम कंट्रोलर करतच नाही. ते मोटरच्या ड्राईव्हमध्ये आत चालतं. आजकालच्या ड्राईव्हमध्ये ते सेकंदाला हजारो वेळा होतं. आतलं चक्र बाहेरच्यापेक्षा कैक पटींनी जलद हवं, हा यातला पाया.

दुसरा हिशेब आम्ही कागदावर केला. गोल कोरताना संगणक खरा गोल काढत नाही, छोट्या छोट्या सरळ रेषा जोडतो. प्रत्येक फेरीला एक रेष. आमच्या जॉबला फिनिशचा फीड मिनिटाला ६०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला १०. एका मिलिसेकंदात टूल एक शतांश मिलिमीटर पुढे जातं. टूलच्या मध्याचा मार्ग २० मिलिमीटर त्रिज्येचा होता. एवढ्या गोलावर एवढ्या छोट्या रेषेमुळे पडणारी चूक मायक्रॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी निघाली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे लक्षात घ्या. जॉबवरची पायरी चाळीस मायक्रॉनची होती. रेषेची लांबी आणि पायरी यांचा काडीचाही संबंध लागत नव्हता. गणितात मी कायम काठावर पास. पण एवढा गुणाकार कुणालाही पटावा.

भाच्याला नाही पटला. त्याचंही बरोबर, हातात असलेला आकडा बदलून बघितल्याशिवाय त्या वयात चैन पडत नाही. त्याने फेरीचा वेळ १००० वरून २५० मायक्रोसेकंदांवर आणला. लगेच दोन गोष्टी झाल्या. मोटर जागच्या जागी भुंग्यासारखी गुणगुणू लागली आणि हाताला गरम लागू लागली. आणि पडद्यावर अनपेक्षित विलंब झाल्याची सूचना झळकली.

गुणगुण का, ते आधी. आमच्या एन्कोडरवर मोटरच्या एका फेऱ्याला दहा हजार खुणा, आणि एका फेऱ्यात बॉलस्क्रू टेबलाला दहा मिलिमीटर सरकवतो. म्हणजे एक खूण म्हणजे एक मायक्रॉन, त्याहून बारीक त्याला दिसत नाही. लहान मुलाची उंची भिंतीवर पेन्सिलीने मांडतो, तसं समजा. महिन्याला मांडली तर वाढ दिसते. रोज सकाळी इंचाच्या पट्टीने मोजायला लागलात तर वाढ नाही, वाढ नाही, वाढ नाही, आणि एके दिवशी एकदम एक इंच! गोलाच्या त्या चार टोकांशी एक अक्ष सावकाश होत होत थांबतो आणि उलटा फिरतो. तिथे वेग मिनिटाला ६० मिलिमीटरवर आला की मिलिसेकंदाला एक खूण पडते. पाव मिलिसेकंदाने बघितलं की शून्य, शून्य, शून्य, एक. पीआयडीतलं डी अक्षर वेग बघून जोर लावणारं. त्याला वाटतं मोटर थांबली, थांबली, थांबली आणि एकदम उधळली. ते प्रत्येक वेळी दचकून चापट मारतं. ती गुणगुण म्हणजे या चापटा. खुणांमधला वेळ मोजून वेग काढणारी कार्डं मिळतात, त्यांना हा त्रास कमी. आमचं कार्ड तसलं नव्हतं.

आता ती सूचना. संगणक हा मशीनचा मेंदू असला तरी त्याच्या डोक्यात इतर उद्योगही चालू असतात. पडद्यावर चित्र काढायचं, वीज वाचवायला मधेच पेंगायचं, कुणी पेन ड्राईव्ह घातला तर तिकडे बघायचं. म्हणून ठरलेल्या ठोक्याला तो कधी कधी उशिरा पोचतो. हा उशीर मोजायची चाचणी त्या सॉफ्टवेअरबरोबरच मिळते. भाच्याने ती रात्रभर चालवली. नेहमीचा उशीर १५ मायक्रोसेकंदांच्या आसपास, पण मधूनच एखादा ३०० चा. हजार मायक्रोसेकंदांच्या फेरीत तीनशेचा उशीर खपून जातो. अडीचशेच्या फेरीत तोच उशीर आला की एक अख्खा ठोकाच हुकतो. वायपर जोरात फिरतोय पण मधूनच अडकतोय, अशातली गत. ड्रायव्हर म्हणेल, त्यापेक्षा सावकाश फिरू दे बाबा, पण नेमाने फिरू दे. भाच्याने संगणकातल्या वीज वाचवणाऱ्या सगळ्या सोयी बंद केल्या, पडद्यासाठी वेगळं कार्ड घातलं, आणि सर्वात मोठा उशीर पंचवीस मायक्रोसेकंदांच्या आत आला. विक्रेत्याच्या कागदावर या नेमाबद्दल एक ओळ नव्हती.

पायरी मात्र होती तिथेच होती.

एवढा वेळ मामा काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली. टेबलाला डायल लावला, मोटर दोन मिलिमीटर पुढे नेली, मग दोन मिलिमीटर मागे. पडद्यावर आकडा बरोबर शून्यावर आला. डायलचा काटा चाळीस मायक्रॉन अलीकडेच थांबला. "बाई, मोटर घरी पोचली, टेबल अजून रस्त्यातच आहे बघा," मामा म्हणाले.

सगळा घोळ त्या एका वाक्यात होता. एन्कोडर मोटरच्या मागे बसलेला आहे. तो मोटर कुठे आहे ते सांगतो. मोटर आणि टेबल यांच्यामध्ये कपलिंग, बेअरिंग आणि बॉलस्क्रू आहेत. तिथे ढिलाई असेल तर दिशा बदलताना मोटर फिरते आणि टेबल क्षणभर तसंच राहतं. बारा, तीन, सहा, नऊ या जागीच दिशा बदलते आणि पायरी तिथेच पडत होती. एन्कोडरला जे दिसतच नाही, ते सेकंदाला हजार वेळा विचारा की लाख वेळा, उत्तर तेच येणार. बॉलस्क्रूच्या टोकाचं झाकण उघडलं तर बेअरिंगचा लॉकनट हाताने फिरत होता आणि बेअरिंगची जोडी झिजलेली. जोडी बदलली, नट आवळला, कपलिंगचे बोल्ट आवळले. डायलवर चाळीसाचे आठ मायक्रॉन झाले.

हे झाल्यावर आकड्यांना हात लावण्यात अर्थ होता. आधी गेन थोडा वाढवला की मशीन थरथरायचं, म्हणून तो कमी ठेवावा लागे, आणि कमी गेनमुळे टेबल हुकमाच्या मागे मागे राही. ढिलाई गेल्यावर गेन चांगलाच वाढवता आला. मग भाच्याने फेरी ५०० मायक्रोसेकंदांची करून पाहिली. फरक पडला, तो नाकारत नाही. विचारणं आणि सांगणं यांमधला उशीर निम्मा झाल्याने गेन आणखी जरासा वर गेला. पण जॉब मोजल्यावर दोन्हीत फरक दिसेना, म्हणून पुन्हा हजारावर आणून ठेवलं. एक सूचना त्याने मला मुद्दाम लिहायला सांगितली आहे. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरीचा वेळ हिशेबात धरलेला असतो, पण काही कंट्रोलरमध्ये आय आणि डी हे आकडे फेरीमागे मोजतात. तिथे फेरी निम्मी करून जुने आकडे तसेच ठेवले तर मशीन वेगळंच वागू लागतं. शेजारच्या शेडमधले आकडे वहीत उतरवून आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जास्त अपडेट रेट ही निव्वळ विक्रेत्यांची थाप आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. साच्यांचं काम करणाऱ्यांना विचारा. तिथे टूल मिनिटाला दहा मीटर वेगाने धावतं आणि एक मिलिमीटर त्रिज्येचे कोपरे वळतं. मघाचाच हिशेब तिथे लावला तर मिलिसेकंदाच्या फेरीत साडेतीन मायक्रॉनची चूक पडते, आणि आरशासारखा साचा हवा असेल तर ती डोळ्यांना दिसते. हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, तसल्या कामाचे हिशेब आमच्या शेडला लावून चालत नाहीत, आणि आमचे त्यांना. ज्याने त्याने आपला फीड, आपली त्रिज्या आणि आपल्या टेबलाचं वजन घेऊन गुणाकार करावा. त्याला साडेपाच लाख लागत नाहीत.

यात माझ्या वाट्याला आलेलं खरं काम मराठीचं. मशीनवर बसणाऱ्या पोरांसाठी भिंतीवर लावायला एक पान लिहून दे, असं भाच्याने सांगितलं. इंग्रजी माहितीपुस्तक कुणी वाचत नाही. मी अपडेट रेटला "अद्ययावतीकरण वारंवारता" असं लिहून नेलं. मामांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, हे कुठल्या देवळातलं?" मग त्यांनीच शब्द दिला, नाडी. मशीनची नाडी सेकंदाला हजार. जिटर म्हणजे नाडी चुकणं. गेन जास्त झाला म्हणजे मशीन चिडकं झालं, कमी झाला म्हणजे आळशी. टेबल हुकमाच्या मागे पडतं त्याला त्यांनी "मागं राहणं" एवढंच म्हटलं. परिभाषा कोशाच्या बैठकीत हे शब्द टिकतील की नाही, सांगता येत नाही. शेडमध्ये दुसऱ्या दिवसापासून चालू झाले. "चार हजार नाडी करूया काय मामा?" असं एकाने चेष्टेत विचारलं तर मामा म्हणाले, "नाडी जोरात झाली म्हणून माणूस निरोगी होतोय काय?"

दोन पोरं कन्नड शाळेतली आहेत, त्यांच्यासाठी पानाची कन्नड प्रत भाच्याच्या मित्राने केली. नाडी हा शब्द त्याला बदलावाच लागला नाही, कन्नडमध्येही तो नाडीच.

पुढचा लॉट सगळा पास झाला. मामा दिवाळीनंतरही कामावर आहेत. भाच्याने त्यांना काही म्हटलं का ते मी विचारलं नाही, पण सकाळी मशीन सुरू करायच्या आधी डायल आता तो स्वतः लावतो. कोटेशनचा कागद वहिनींनी ठेवीच्या पावतीबरोबरच कपाटात ठेवला आहे. साच्यांचं काम मिळालं तर बघू, म्हणतात. बॉलस्क्रूचा मधला भाग मात्र जास्त वापराने झिजला आहे. डायलवर तिथे अजून बारा मायक्रॉन दिसतात. तो काढून ग्राईंडिंगला द्यायचा, तर मशीन आठवडाभर बंद ठेवावं लागेल. मार्चच्या डिलिव्हरी झाल्या की ते काम काढायचं ठरलं आहे.